रिमोट कन्सोल (सर्व्हर)

सर्व्हरपाशी न जाता नेटवर्कवरून त्याची स्क्रीन पाहण्याची आणि त्याचा कीबोर्ड-माउस चालवण्याची सोय. मदरबोर्डवर बसवलेला बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) हा छोटा, स्वतंत्र संगणक ती पुरवतो. डेलच्या सर्व्हरवर याला आयड्रॅक, एचपीईच्या सर्व्हरवर आयएलओ म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी वीज जोडलेली असेपर्यंत बीएमसी जागा असतो.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपशी याची नेहमी गल्लत होते. रिमोट डेस्कटॉपला ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचं नेटवर्क दोन्ही चालू लागतात. म्हणजे खरी अडचण येते तेव्हा नेमका तोच हाती नसतो. बीएमसी मात्र स्क्रीनवरचं चित्र थेट उचलतो आणि सर्व्हरला स्वतःची ओळख यूएसबी कीबोर्ड-माउस अशी करून देतो. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी सुरू होणारा बायोसही दिसतो. पुण्यात बसून ऐरोलीच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर रात्री रीबूट केला, दहा मिनिटं झाली तरी पिंगला (मशीन नेटवर्कवर जागं आहे का, हे विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर नाही. कन्सोल उघडावा तर मेमरीची एक तक्रार नोंदवून मशीन ‘पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा’ म्हणून थांबलेलं असतं. ती एक कळ दाबायला पूर्वी गाडी काढून जावं लागे.

व्हर्च्युअल मीडिया ही याच सोयीची जोडीदार. आपल्या लॅपटॉपवरची आयएसओ फाइल (डिस्कची जशीच्या तशी प्रत) सर्व्हरला डीव्हीडीसारखी दिसते आणि तिच्यावरून इन्स्टॉलेशन करता येतं. घरच्या इंटरनेटवरून हे अतिशय रखडतं. फाइल सर्व्हरच्या जवळच्या शेअरवर (नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये) ठेवून तिथूनच जोडणं केव्हाही बरं.

इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे बीएमसीशी बोलण्याचं सामाईक मानक आणलं. २०१५ पासून त्याची जागा रेडफिश हे नवं मानक घेत आहे. कन्सोल पूर्वी जावावर चालत. आता ते एचटीएमएल५ मुळे साध्या ब्राउझरमध्ये उघडतात, पण जुन्या मशीनसाठी जुनी जावा सांभाळून ठेवलेले अ‍ॅडमिन आजही आहेत.

बीएमसी ज्याच्या हाती, तो सर्व्हरसमोर उभा असल्यासारखाच. २०१७ मध्ये आयएलओ ४ मध्ये अशी त्रुटी सापडली, की त्याला पाठवलेल्या वेब-विनंतीच्या एका हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीच्या ओळीत) २९ वेळा ‘ए’ लिहिलं की पासवर्डची गरजच उरत नसे. दुरुस्त फर्मवेअर (बीएमसीचं आतलं सॉफ्टवेअर) आलं, तरी धडा कायम आहे: बीएमसीचा पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात), व्हीपीएन या सुरक्षित खाजगी जोडणीच्या मागेच हवा, थेट इंटरनेटवर कधीच नको.

आणखी एक चूक अनुभवी माणसांकडूनही होते. कन्सोलची खिडकी बंद केली म्हणजे लॉगआउट झालं असं नाही. आत रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून उघडलेलं सत्र तसंच राहतं आणि पुढे जो कन्सोल उघडेल त्याला ते आयतं मिळतं. कन्सोल तुटताच सर्व्हरची स्क्रीन लॉक करण्याची सेटिंग आयड्रॅक आणि आयएलओ दोन्हींत आहे, पण निव्वळ टेक्स्ट लॉगिन असलेल्या लिनक्सवर तिचा भरवसा धरू नये. तिथे हातानेच ‘एक्झिट’ टाइप करावं.