होमस्कूल ट्रान्सक्रिप्टवरील श्रेणी-सरासरी (जीपीए)

अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांना नववी ते बारावीच्या अभ्यासाचे गुणपत्रक बहुधा स्वतःच तयार करावे लागते. या एकपानी कागदाला तिकडे ट्रान्सक्रिप्ट म्हणतात आणि त्यावरच्या सरासरीला जीपीए. हा आकडा साधारणपणे शून्य ते चार यांच्या दरम्यान असतो आणि दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिला जातो. हिशेब पाचवी-सहावीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. घोडे अडते ते निराळ्याच ठिकाणी. तास मोजणारी, श्रेणी देणारी, नियम ठरवणारी आणि शेवटी सही ठोकणारी व्यक्ती एकच असते, आणि बहुतेक घरांत ती मुलाची आई असते.

१९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले, पण नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये घरची शाळा ही खासगी शाळाच मानली जाते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये लीपर खटल्यात तसा निकाल दिला. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात १९८८ च्या कायद्यानुसार वर्षाअखेरीस बाहेरचा मूल्यमापक मुलाचे काम पाहतो. मात्र ट्रान्सक्रिप्ट असेच असावे आणि सरासरी अशीच काढावी, असा देशभर लागू असलेला नमुना कुठेही नाही. त्यामुळे नियम आपण ठरवायचे आणि ते त्याच कागदाच्या तळाशी स्वच्छ लिहून ठेवायचे, ही रीत पडली आहे.

क्रेडिट म्हणजे किती तास?

सरासरीत प्रत्येक विषयाचे वजन त्याच्या क्रेडिटवर ठरते, म्हणून आधी क्रेडिटचा निकाल लावावा लागतो. या मापाचा उगम मजेशीर आहे, तो प्राध्यापकांच्या पेन्शनमध्ये सापडतो. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. त्या निधीचा लाभ कोणत्या महाविद्यालयांना द्यायचा, हे ठरवताना कार्नेगी फाउंडेशनने अट घातली की प्रवेशासाठी विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेत किमान १४ एकके पूर्ण केलेली असावीत. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले १२० तास. म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनपायी निघालेले हे माप शंभर वर्षांनंतरही शाळकरी मुलांच्या वेळापत्रकावर बसलेले आहे.

आज ‘एक क्रेडिट’ म्हटले की हेच कार्नेगी एकक डोळ्यांसमोर असते, पण सगळ्यांचे काटे सारखे नाहीत. न्यूयॉर्कच्या गृहशिक्षणाच्या नियमांत एकक म्हणजे वर्षाला ६,४८० मिनिटे, म्हणजेच १०८ तास. आता एखाद्या घरी बीजगणित रोज ४५ मिनिटे, आठवड्यातून चार दिवस आणि वर्षाचे ३६ आठवडे चालते असे समजा. बेरीज होते बरोबर १०८ तास. न्यूयॉर्कच्या मापाने एकक भरले, कार्नेगीच्या मापाने बारा तास कमी पडले. तोच पाठ रोज ५० मिनिटांचा केला की १२० तास भरतात. रोजच्या पाच मिनिटांचा हा फरक वहीत नोंदलेला नसेल, तर चार वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

सगळेच पालक घड्याळ लावून बसत नाहीत. पाठ्यपुस्तकाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पुरा झाला की एक क्रेडिट, असा ठोकताळा पुष्कळ घरांत चालतो, आणि गणितासारख्या विषयाला तो तासांपेक्षा बरा लागू पडतो. हुशार मुलाने वर्षाचे पुस्तक पाच महिन्यांत संपवले तर त्याला अर्धे क्रेडिट देणे अन्यायच. चित्रकला, वाद्यवादन, स्वयंपाक यांना मात्र पुस्तक नसते. तिथे तासांची वहीच कामाला येते आणि बहुधा अर्धे क्रेडिट पडते. सामुदायिक महाविद्यालयात (कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचे स्थानिक महाविद्यालय) एका सत्रात केलेला, महाविद्यालयाच्या हिशेबाने तीन क्रेडिटचा विषय शालेय गुणपत्रकावर कोणी एक धरतात, कोणी अर्धा. हा वाद मिटलेला नाही. एकदा जे धरले ते चारही वर्षे धरावे, एवढेच पथ्य.

प्रत्यक्ष हिशेब

श्रेणींचे आकडे ठरलेले आहेत: ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १ आणि एफ शून्य. प्लस-मायनस वापरणारे ए मायनसला ३.७, बी प्लसला ३.३, बी मायनसला २.७ धरतात. श्रेणीच्या आकड्याला क्रेडिटने गुणायचे, सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचे.

नववीचे एक काल्पनिक वर्ष घेऊ:

इंग्रजी: ए मायनस, १ क्रेडिट, ३.७
बीजगणित: बी प्लस, १ क्रेडिट, ३.३
जीवशास्त्र, प्रयोगांसह: ए, १ क्रेडिट, ४.०
जगाचा इतिहास: बी, १ क्रेडिट, ३.०
स्पॅनिश: ए, १ क्रेडिट, ४.०
शारीरिक शिक्षण: ए, अर्धे क्रेडिट, २.०
चित्रकला: ए, अर्धे क्रेडिट, २.०

बेरीज २२.०, क्रेडिट ६, सरासरी ३.६७. क्रेडिटकडे दुर्लक्ष करून सातही श्रेणींची सरळ सरासरी काढली तर २६ भागिले ७, म्हणजे ३.७१ येते. अर्ध्या क्रेडिटच्या शारीरिक शिक्षणाला आणि चित्रकलेला बीजगणिताइतका मान मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी हमखास चूक चार वर्षांची एकत्रित सरासरी काढताना होते. वर्षावर्षाच्या सरासऱ्या मांडून त्यांचीच सरासरी काढायची नसते. वरच्या मुलीने बारावीत घरचे तीनच क्रेडिट केले आणि तिन्हींत ए मिळवला, तर त्या वर्षाची सरासरी ४.००. दोन सरासऱ्यांची सरासरी ३.८३ दिसते, पण खरा हिशेब ३४ भागिले ९, म्हणजे ३.७८ आहे. तीन क्रेडिटच्या हलक्या वर्षाने सहा क्रेडिटच्या भरगच्च वर्षाशी बरोबरी करू नये. फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा मिळालेले विषय आणि अजून चालू असलेले विषय भागाकारात येतच नाहीत. आलेला ३.६७ हा आकडा ३.७ करून लिहू नये. दिसायला क्षुल्लक वाटते, पण ज्या पालकाने इथे हात सैल सोडला त्याने आणखी कुठे सोडला असेल, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतोच.

टक्क्यांवरून श्रेणी देतानाही आधी मोजपट्टी जाहीर करावी लागते. ९० च्या पुढे ए, ८० च्या पुढे बी अशी दहाची पट्टी आज सर्वाधिक चालते. पण ९३ च्या पुढेच ए देणारी कडक पट्टीही बरीच वर्षे होती. दक्षिण कॅरोलायनाच्या सरकारी शाळांनी २०१६ मध्ये ती सोडून दहाची पट्टी घेतली. म्हणजे ९१ गुण मिळवणारे मूल एका पट्टीवर ए, दुसरीवर बी.

महाराष्ट्रात दहावी-बारावी करून तिकडे गेलेल्या आईबापांना इथे आणखी एक ठेच लागते. आपल्याकडे ३५ ला पास आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. मुलीला ७८ पडले की मराठी घरात पेढे आणावेसे वाटतात; अमेरिकन पट्टीवर तो सी प्लस आहे, २.३. आपल्या लहानपणीच्या कडक तपासणीने पेपर तपासायचे आणि त्यांची सौम्य तपासणी गृहीत धरणारी पट्टी लावायची, असे झाले तर मूल फुकट मारले जाते. तपासणी आणि पट्टी एकाच गावची असावी.

वजन वाढवलेली सरासरी

अवघड अभ्यासक्रमाला जास्तीचा अंश देण्याची पद्धत आहे: ऑनर्सला (त्याच विषयाचा नेहमीपेक्षा वरचा शालेय अभ्यासक्रम) अर्धा, एपीला (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत असतानाच केलेला महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम) एक. मग एपी कॅल्क्युलसमधला बी हा ३ ऐवजी ४ धरला जातो आणि सरासरी चारच्या वर जाऊ शकते. साधी आणि वजनदार अशा दोन्ही सरासऱ्या लिहायला हरकत नाही, पण कोणती कोणती ते स्पष्ट हवे. ‘एपी’ हे नाव त्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेचे आहे. अभ्यासक्रमाचा आराखडा त्यांच्याकडे पाठवून मान्यता घेतली, तरच विषयाच्या नावात ते लावता येते, आणि घरी शिकवणारे पालकही तशी मान्यता मागू शकतात. ती घेतलेली नसेल तर नुसते ‘कॅल्क्युलस’ लिहून मे महिन्यातल्या परीक्षेचे गुण शेजारी द्यावेत. घरचा ‘ऑनर्स’ हा तर सगळ्यांत निसरडा शब्द. त्या विषयात जास्तीचे नेमके काय केले, हे सांगता येत नसेल तर तो न वापरलेला बरा.

विद्यापीठे पुन्हा मोजतात

पालकांनी रात्री जागून काढलेला आकडा पुष्कळ ठिकाणी वाचून बाजूला ठेवला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठ स्वतःची सरासरी काढते. ती नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतची असते, ठरलेल्या शैक्षणिक विषयांचीच असते, प्लस-मायनस न धरता काढलेली असते आणि जास्तीचे अंश जास्तीत जास्त आठ सत्रांनाच मिळतात. आईने दिलेल्या ऑनर्सला तिथे काही मोल नाही. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धा चालवणारी एनसीएए ही संस्थाही खेळाडूंची पात्रता ठरवताना १६ मूलभूत विषयांचीच सरासरी घेते, तीही प्लस-मायनस न मानता. स्पर्धांच्या सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या विभागासाठी ती किमान २.३ लागते. घरी शिकलेल्या खेळाडूला प्रत्येक विषयाचा वेगळा तपशीलही द्यावा लागतो.

वरच्या नववीला एनसीएएची ही कात्री लावून पाहा. शारीरिक शिक्षण आणि चित्रकला गेली. ए मायनसचा ए झाला, बी प्लसचा बी. उरले पाच क्रेडिट आणि १८ अंश, म्हणजे ३.६०. मूल तेच, वर्ष तेच, आणि आकडे तीन: ३.७१, ३.६७, ३.६०. यातला शेवटचा आकडा पालकांच्या हातात नाही. प्रत्येक विषयाची श्रेणी आणि क्रेडिट मात्र असे लिहिता येतात की दुसऱ्याला स्वतःचा हिशेब मांडता यावा.

आपला तो बाब्या

घरच्या गुणपत्रकावर चारही वर्षे ए आणि फक्त ए दिसले की वाचणाऱ्याच्या भुवया उंचावतात. आपला तो बाब्या, हे अमेरिकेतही लोकांना कळते. पण या सगळ्या ए लबाडीच्या असतात असे मुळीच नाही. घरी शिकवताना धडा पक्का झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी पद्धत पुष्कळ जण पाळतात. चुकलेली गणिते पुन्हा, मग पुन्हा, चाचणी दुसऱ्यांदा. अशा घरात सी मिळवून पुढच्या इयत्तेत जाणे शक्यच नसते. शाळेतली श्रेणी ठरलेल्या दिवशी मूल कुठे होते ते सांगते, घरची श्रेणी ते शेवटी कुठे पोहोचले ते. दोन्हींचे आकडे एकाच पट्टीवर लिहिले जातात, ही खरी गोची आहे.

म्हणून बाहेरचा पुरावा जोडतात. एसएटी किंवा एसीटी या महाविद्यालय-प्रवेशाच्या सामाईक परीक्षांचे गुण, एपी परीक्षा, सामुदायिक महाविद्यालयाचे एक-दोन विषय. महाविद्यालयाने दिलेली श्रेणी जशीच्या तशी उतरवायची, तिच्यात घरची भर घालायची नाही. सोबत विषयवर्णनाची काही पाने असतात: कोणती पुस्तके, किती निबंध, कोणते प्रयोग, चाचण्यांना किती टक्के महत्त्व. रसायनशास्त्रात ए आणि एपी परीक्षेत पाचपैकी दोन, असे शेजारी शेजारी दिसले तर त्या पानांचा फार उपयोग होत नाही. उलट बी आणि पाचपैकी पाच दिसले, तर बाकीच्या ए वरही विश्वास बसतो. काटेकोर बी देणारी आई मुलाचे नुकसान करते असे पालकांच्या गप्पांत ऐकू येते. ते खरे मानायचे कारण नाही.

कॉमन ॲप या सामाईक अर्जात समुपदेशकाचा भाग घरी शिकवणाऱ्या पालकालाच भरावा लागतो, आणि तोच ट्रान्सक्रिप्ट चढवतो. काही महाविद्यालये कागद नोटरीकडून साक्षांकित करून मागतात. वर्गातल्या क्रमांकाचा रकाना ‘लागू नाही’ असा सोडायचा असतो. एकाच्या वर्गात पहिला आला, हे लिहिण्यात अर्थ नाही. टेक्सासने यावरही उपाय काढला आहे: तेथील सरकारी विद्यापीठांनी क्रमांक विचारात घेतला, तर घरच्या विद्यार्थ्याला त्याच्याइतके एसएटी किंवा एसीटी गुण असलेल्या शाळकरी मुलांचा सरासरी क्रमांक द्यायचा.

मराठी संदर्भ

महाराष्ट्रात घरी शिकणाऱ्या मुलांना हा हिशेब सहसा करावा लागत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिलेली बोर्डाची परीक्षा, यांतून गुण परीक्षा मंडळच देते. घरच्या श्रेणीला कोणी विचारत नाही. पण दरवाजा एवढा एकच नाही. मुंबईच्या मालविका जोशीकडे दहावी-बारावीची प्रमाणपत्रे नव्हती. बारावीच्या अटीमुळे आयआयटीचा मार्ग बंद होता. आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांच्या बळावर २०१६ मध्ये तिला अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला.

अमेरिकेला अर्ज करणाऱ्या इथल्या मुलाचे गुणपत्रक बहुधा मिश्र असते: नववी आणि अकरावी घरची, दहावी बोर्डाची. अशा वेळी बोर्डाच्या टक्क्यांना पंचवीसने भागून चारच्या पट्टीवर आणायचा मोह होतो. त्या न्यायाने ८८ टक्क्यांचे ३.५२ होतात आणि पासापुरत्या ३५ टक्क्यांचे १.४. हा भागाकार कोणत्याही विद्यापीठाचा नियम नाही. सीबीएसईने २०१० च्या दशकात सीजीपीएला ९.५ ने गुणून टक्के काढायला सांगितले होते; ते दहाच्या पट्टीसाठी होते, त्याचाही इथे संबंध येत नाही. बोर्डाचे गुण वेगळ्या रकान्यात, शंभरपैकी किती ते तसेच लिहावेत, मूळ गुणपत्रिकेची प्रत जोडावी आणि घरची सरासरी घरच्या विषयांपुरतीच ठेवावी.