खेळगटात काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी : कोणाची, कशी आणि कोणत्या कागदांवर

सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी दोन तास भरणारा खेळगट असो, चार-पाच आयांनी मिळून सुरू केलेला असो किंवा एखाद्या संस्थेचा, तिथे दीड-दोन वर्षांची मुले घराबाहेरच्या माणसांच्या हवाली होतात. एवढ्या लहान मुलाला आपल्याशी कोण कसे वागले हे नीट सांगता येत नाही. त्याच्या वतीने आधीच चौकशी करून ठेवायची ती मोठ्यांनी, आणि हे काम माणूस रुजू होण्यापूर्वी व्हायला हवे. महिनाभर काम करून ताई सगळ्यांची लाडकी झाली की मग कागद मागायला कोणाची जीभ रेटत नाही.

नियम काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो, सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्याखालचे सुधारित नियम ९ मार्च २०२० पासून लागू आहेत, हे मात्र खेळगट चालवणाऱ्या अनेकांना माहीत नसते. त्यातल्या नियम ३ नुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी आणि मुलांशी नियमित संबंध येणारी इतर कोणतीही सुविधा यांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यायची आहे. शिकवणारे आणि न शिकवणारे, कायम आणि कंत्राटी, सगळे त्यात येतात. मुलांच्या सुरक्षेबद्दल कर्मचाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारीही त्याच नियमाने संस्थेवर टाकली आहे. ‘आमचा गट छोटा आहे, नोंदणीसुद्धा नाही’ या सबबीवर पडताळणी टाळू नये. गट लहान असला तरी त्यातली मुले तेवढीच लहान असतात.

कोणाची करायची

ताई, मदतनीस, स्वच्छतेला येणारी बाई, मुलांची ने-आण करणारा रिक्षावाला किंवा व्हॅनचालक, गाणी शिकवायला आठवड्यातून एकदा येणारे सर. नियमाची भाषा कर्मचाऱ्यांपुरती आहे, पण बिनपगारी स्वयंसेवकांनाही यातून वगळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गट कोणाच्या घरी भरत असेल तर त्या वेळेत घरात असणाऱ्या प्रौढांचाही विचार करावा. हे बोलायला अवघड जाते. सगळ्यांना एकच नियम लावला आणि तो पहिल्याच बैठकीत लिहून ठेवला, तर कोणाला अपमान वाटत नाही.

अर्ज कसा करायचा

महाराष्ट्रात यासाठी चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मिळते आणि त्याचा अर्ज पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. अर्ज ज्या व्यक्तीची पडताळणी करायची तिच्याच नावाने भरायचा. मोबाइल नंबर देऊन खाते उघडायचे, राहत्या पत्त्यानुसार पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हा आणि पोलीस ठाणे निवडायचे, प्रमाणपत्र कशासाठी हवे ते लिहायचे, कागद अपलोड करायचे आणि शुल्क भरायचे. शुल्क पोर्टलवर दिसेल तेवढेच. त्यापलीकडे कोणाच्या हातात पैसे ठेवायची गरज नाही. मिळालेला अर्ज क्रमांक जपून ठेवावा, पुढची चौकशी त्यावरच होते.

त्यानंतर पोलीस ठाण्यातून बोलावणे येते. मूळ कागद घेऊन अर्जदाराने स्वतः जायचे. ठाण्यात नोंदी तपासल्या जातात, अहवाल वर विशेष शाखेकडे जातो आणि प्रमाणपत्र तयार होते. अर्ज रखडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पत्ता : आधारवर गावाकडचा आणि राहणे इथे भाड्याने. अशा वेळी नोंदणीकृत भाडेकरार किंवा चालू पत्त्याचा दुसरा पुरावा आधीच जोडावा. अर्जदार अलीकडे दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात राहिला असेल, तर तो पत्ता लपवू नये. तिथल्या नोंदी इथल्या ठाण्याला आपोआप कळतीलच असे नाही.

कागदांमध्ये सहसा फोटो आणि सही, ओळखीचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा, वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला आणि काम देणाऱ्या संस्थेचे पत्र लागते. या पत्रात व्यक्तीचे नाव, तिचे काम, गट भरतो ती जागा आणि तिचा मुलांशी थेट संबंध येणार आहे हा उल्लेख असावा. नोंदणी नसलेल्या गटाकडे लेटरहेड नसते; मग पत्र कोणत्या स्वरूपात चालेल हे अर्ज भरण्याआधीच ठाण्यात विचारून घ्यावे, म्हणजे त्रुटी काढून अर्ज परत येणार नाही.

प्रमाणपत्र हाती आले की

पोलिसांच्या दप्तरी जे आहे तेवढेच त्यावर उमटते. ज्याच्याविरुद्ध कधी कोणी तक्रारच केली नाही, त्याचा कागद कोराच येणार. म्हणून पूर्वी जिथे काम केले तिथल्या दोघांना तरी फोन करावा आणि सरळ विचारावे : मुलांसोबत यांना पुन्हा ठेवाल का? समोरचा उत्तर देताना घुटमळला, तर तेही लक्षात घ्यावे. गट चालू असताना एकटा प्रौढ आणि बंद दार अशी वेळ कधीच येऊ देऊ नये. कपडे बदलणे आणि शी-शू यासाठी ठरलेली माणसे असावीत.

पडताळणी पुन्हा किती महिन्यांनी करायची याचा आकडा नियमात नाही. नवीन वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी दरवर्षी ती करून घ्यावी, असे मी सुचवेन. प्रमाणपत्रांच्या प्रती कुलुपात ठेवाव्यात. पालकांनी पडताळणी झाली का, कोणत्या तारखेची, एवढे विचारले तर न कुरकुरता सांगावे. पालकांनीही हा प्रश्न विचारायला संकोचू नये.

मुलाचे कागद

हे काम सोपे आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पुढे शाळेच्या प्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे, तेव्हा तो आत्ताच काढून ठेवावा. लसीकरणासाठी माता-बाल संरक्षण कार्डाची प्रत घ्यावी. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर राहून जातात, ते आवर्जून पाहावे. कोणत्या खाण्याची किंवा औषधाची ॲलर्जी आहे, हे पालकांच्या सहीने लिहून घ्यावे. मुलाला न्यायला येणाऱ्यांची नावे फोटोसह नोंदवावीत. यादीत नसलेला माणूस, अगदी सख्खा काका म्हणून आला तरी, पालकांशी बोलल्याशिवाय मूल त्याच्या हाती देऊ नये.

संशय आला तर

पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असलेल्या कोणीही स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी आपापसात बघू’ म्हणून थांबायची मुभा कायदा देत नाही. कळवले नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे प्रकरण दडवले, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, आणि तातडी असेल तर ११२. पुरावा गोळा करत बसू नये, मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नयेत आणि त्याचे नाव व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. मुलाची ओळख उघड करण्यास कलम २३ ने मनाई केली आहे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, असे कलम १९ मध्येच लिहिलेले आहे.