बेमबेम देवी: सामनेच होत नव्हते तेव्हाची मिडफिल्डर

2009 मध्ये फिफाच्या क्रमवारीतून भारताच्या महिला संघाचं नाव गेलं. संघ हरला म्हणून नव्हे, तर तो खेळतच नव्हता म्हणून. दीर्घकाळ आंतरराष्ट्रीय सामना न खेळणाऱ्या संघाला क्रमवारीत जागा मिळत नाही. भारताच्या मधल्या फळीत खेळणारी ओइनाम बेमबेम देवी तेव्हा 29 वर्षांची होती. मिडफिल्डरसाठी हा ऐन बहराचा काळ, खेळाची जाण पक्की झालेली असते आणि पायांतही दम असतो. म्हणून तिची कारकीर्द सांगताना न झालेल्या सामन्यांचाही हिशेब मांडावा लागतो.

सुरुवात काही वाईट नव्हती. 1975 मध्ये महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 1980 मध्ये कोझिकोडला झालेल्या महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेत (आताचा आशिया चषक) भारत उपविजेता ठरला आणि 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता. आज ज्या आशियाई संघांसमोर आपली दमछाक होते, त्यांतल्या कित्येकांनी तेव्हा सुरुवातही केली नव्हती. 1983 मध्येच शांती मलिक अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू ठरली. पुढे नव्वदच्या दशकात सगळा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला आणि महिलांचा खेळ यादीत सर्वांत खाली ढकलला गेला.

नेमक्या त्याच काळात इंफाळमध्ये बेमबेम फुटबॉल खेळत होती. मुलांच्या संघात जागा मिळावी म्हणून ती चक्क मुलाचं नाव सांगून मैदानात उतरायची. मणिपूरमध्ये मुलींच्या फुटबॉलला समाजाचा जो पाठिंबा आहे, तो देशात इतरत्र क्वचितच दिसतो. राज्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपदं अनेकदा पटकावली ती उगाच नव्हे. 1995 मध्ये, पंधराव्या वर्षी, बेमबेम भारताकडून गुआमविरुद्ध पहिला सामना खेळली.

सामन्यांच्या दुष्काळाचा सर्वांत मोठा फटका मधल्या फळीला बसतो, असं मला वाटतं. स्ट्रायकर एकटीने नेमबाजी घोटवू शकते, गोलकीपर एकटीने सराव करू शकते. मिडफिल्डरचं तसं नसतं. चेंडू पायाशी येण्याआधीच डाव्या बगलेवरची सहकारी कधी धाव घेणार आणि मागची बचावपटू कुठे उभी असणार, हे तिला ठाऊक असावं लागतं. ते फक्त एकत्र खेळून येतं, तेही कसलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. बेमबेमने ही समज अधूनमधून भरणाऱ्या शिबिरांवर आणि मणिपूरकडून खेळलेल्या राष्ट्रीय स्पर्धांवर टिकवून धरली. मला तिचं खरं मोठेपण इथे दिसतं.

महासंघाची वर्षातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून तिला 2001 मध्ये गौरवण्यात आलं. त्यानंतर हा पुरस्कार थेट 2013 मध्ये दिला गेला आणि तोही तिलाच. मधली वर्षं पुरस्कारच नव्हता.

2010 पासून चित्र थोडं पालटलं. ढाक्याच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळालं आणि त्याच वर्षी सुरू झालेली सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची महिला फुटबॉल स्पर्धाही भारताने जिंकली. 2012 आणि 2014 मध्येही जेतेपद राखलं. 2014 मध्ये बेमबेम मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळली. देशात महिलांची लीगच नव्हती, त्यामुळे क्लब फुटबॉलसाठी चौतिसाव्या वर्षी परदेश गाठावा लागला. फेब्रुवारी 2016 मध्ये शिलाँगला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत नेपाळला 4-0 असं हरवून सुवर्ण जिंकल्यावर ती निवृत्त झाली. भारतीय महिला लीग त्यानंतर वर्षभराने सुरू झाली! पहिला हंगाम इंफाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने जिंकला आणि त्या संघाची सूत्रं बेमबेमकडे होती. 2017 मध्ये तिला अर्जुन मिळाला, शांती मलिकनंतर तब्बल 34 वर्षांनी. 2020 मध्ये पद्मश्री मिळाली.

2022 च्या आशिया चषकात यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी झाली आणि मग संघात करोनाची लागण होऊन माघार घ्यावी लागली. निकालही रद्द झाले.

त्यानंतरच्या आशिया चषकासाठी भारताची पात्रता फेरी जून-जुलै 2025 मध्ये थायलंडमध्ये झाली. शेवटचा सामना यजमानांशीच होता, क्रमवारीत आपल्यापेक्षा वीसहून अधिक स्थानांनी वर असलेल्या संघाशी. भारताने तो 2-1 असा जिंकला. दोन्ही गोल केले ते बंगालमधल्या कल्याणीच्या संगीता बासफोरने. तीही मिडफिल्डर, गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरून परतलेली. या पिढीला निदान लीग मिळाली, शिबिरं मिळाली, एकमेकींच्या धावा ओळखण्याइतके सामने मिळाले. त्या विजयाने भारत ऑस्ट्रेलियातल्या 2026 च्या आशिया चषकासाठी पात्र ठरला. पात्रता फेरी खेळून ही जागा मिळवण्याची भारतीय महिला संघाची ती पहिलीच वेळ होती.