यारिश–हर्क्सहायमर प्रतिक्रिया

सर्पिल जंतूंमुळे होणाऱ्या उपदंश (गरमी), पुनरावर्ती ज्वर, लेप्टोस्पायरोसिस, लाइम रोग अशा रोगांत प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेनंतर काही तासांत उद्भवणारी दाहक प्रतिक्रिया. रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो, डोके व अंग ठणकते. उपदंशात अंगावरचे पुरळ आधीपेक्षा लाल व ठसठशीत दिसते. बहुधा चोवीस तासांत हे सारे ओसरते.

हिला सर्रास ‘पेनिसिलिनची रिॲक्शन’ म्हणतात, पण ते बरोबर नाही. ऑस्ट्रियन त्वचारोगतज्ज्ञ आडॉल्फ यारिश यांनी १८९५च्या सुमारास व फ्रँकफुर्टच्या कार्ल हर्क्सहायमर यांनी १९०२मध्ये तिचे वर्णन केले, तेव्हा उपदंशावर पारा देत असत आणि रोगाचा जंतूही सापडला नव्हता (तो १९०५मध्ये सापडला). ज्यू असलेले हर्क्सहायमर १९४२मध्ये नाझींच्या टेरेझिनश्टाट छावणीत मरण पावले. पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे त्यानंतरच्या वर्षी दिसून आले.

कारणाविषयी मतभेद आहेत. मेलेल्या जंतूंतून सुटणारे अंतर्विष हे जुने स्पष्टीकरण. परंतु उपदंशाच्या जंतूत नेहमीचे अंतर्विष (लिपोपॉलिसॅकराइड) नसते. जंतूंच्या आवरणातील लिपोप्रथिने पांढऱ्या पेशींना चेतवतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इथिओपियात उवांमुळे पसरणाऱ्या पुनरावर्ती ज्वराच्या रुग्णांत प्रतिक्रियेच्या वेळी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ व ८ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांची रक्तातील पातळी वाढलेली आढळली. टीएनएफविरोधी प्रतिपिंडे आधी दिल्यास प्रतिक्रिया सौम्य होते, असे १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. 

लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णात ही प्रतिक्रिया आली, तर रोगच बळावला असा समज होण्याचा संभव असतो.

अंगावर गांधी उठणे, घशाला सूज, श्वास कोंडणे ही ॲलर्जीची लक्षणे होत. ती येथे नसतात. हा फरक नीट पाहिलाच पाहिजे. केसपेपरवर एकदा ‘पेनिसिलिन चालत नाही’ असे लिहिले गेले, की तो शेरा रुग्णाची पाठ सोडत नाही आणि पुढे गरजेच्या वेळी औषध नाकारले जाते. गरोदरपणातील उपदंशावर तर पेनिसिलिनखेरीज खात्रीचा पर्याय नाही. प्रतिक्रियेमुळे अकाली कळा सुरू होऊ शकतात, म्हणून गर्भवतीवर बारीक लक्ष ठेवतात. मात्रा मात्र टाळत नाहीत.