छर्र्याची बंदूक : मुलांचा वापर व कायदा (बेळगाव सीमाभाग)

स्प्रिंगच्या किंवा दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा अथवा पोलादी गोळी उडवणारी हलकी बंदूक. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी घरांत तिला ‘छर्र्याची बंदूक’ किंवा नुसतेच ‘एअरगन’ म्हणतात. घराच्या मागच्या मोकळ्या जागेला इथे परडे म्हणतात. शहरी कागदपत्रांत त्याचेच परसू किंवा मागील अंगण होते. परड्यात मुलांनी अशी बंदूक चालवावी की नाही, याविषयी भारतात एकही स्वतंत्र कायदा नाही. शस्त्र अधिनियम, वन्यजीव अधिनियम, भारतीय न्याय संहिता (जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेली) आणि बालन्याय अधिनियम यांतली कलमे एकत्र वाचूनच उत्तर काढावे लागते. प्रस्तुत नोंद तसे वाचन मांडते.

नाव. ‘बंदूक’ हा शब्द फारसी-तुर्कीमार्गे अरबीतून आला, याबद्दल दुमत नाही. मूळ अरबी ‘बुंदुक’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र दोन मते आहेत. एका मतानुसार तो व्हेनिस शहराच्या ‘अल्-बुंदुकिय्या’ या अरबी नावावरून आला, कारण युरोपीय शस्त्रे त्या बंदरातून पूर्वेकडे येत. दुसऱ्या मतानुसार ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट हे कवचफळ, आणि तो शब्द ग्रीकांच्या ‘पाँटसचे फळ’ या नावातून, म्हणजे काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरून, अरबीत आला. फळाच्या आकारावरून मातीच्या गोळीला तेच नाव पडले. ती गोळी धनुष्याने मारत, म्हणून त्या धनुष्याला ‘कौस अल्-बुंदुक’, म्हणजे गोळीचे धनुष्य, म्हणू लागले; दारूची शस्त्रे आल्यावर नाव त्यांच्याकडे गेले. गोळीच्या धनुष्याचे उल्लेख दारूच्या शस्त्रांपेक्षा जुने असल्याने दुसरे मत अधिक पटते. ते मान्य केले तर दारू न जाळता एवढीशी गोळी फेकणारे साधन हाच ‘बंदूक’ या शब्दाचा जुना अर्थ ठरतो, आणि छर्र्याची बंदूक त्याच्या सर्वांत जवळची. ‘गलोल’ हा शब्दही फारसी ‘गुलेल’ या गोळीच्या धनुष्याच्या नावाशी जोडतात. आता मराठीत तो बेचकीला लागला आहे.

अशा बंदुकीच्या वाटोळ्या गोळीला ‘बीबी’ म्हणतात; त्या नावाचाही असाच वाद आहे. ते ‘बॉल बेअरिंग’चे लघुरूप असल्याचे सर्रास सांगितले जाते. पण शिकारी काडतुसांतील छर्र्यांच्या आकारांना अक्षरांची नावे असत. ‘बी’ आणि ‘बीबीबी’ यांच्या मधला, सुमारे 0.18 इंच व्यासाचा छर्रा तो ‘बीबी’. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील प्लिमथ गावी एका पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीने 1880 च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठी हवेची बंदूक काढली, आणि तीच पुढे ‘डेझी’ या नावाने ओळखली गेली. सुरुवातीला तिच्यात शिशाचे छर्रेच घालत; पोलादी गोळी बऱ्याच नंतरची. नाव गोळीच्या आधीचे असल्याने बेअरिंगची कथा मागाहून रचलेली दिसते.

रचना. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बंदुकांची नळी कोपरातून हात दुमडावा तशी खाली दुमडते. दुमडताना आतली स्प्रिंग दबते. छर्रा नळीच्या मागच्या तोंडात अंगठ्याने बसवायचा आणि नळी सरळ करायची. छर्रा शिशाचा, डमरूसारखा कमरेत बारीक, 4.5 मि.मी. म्हणजे 0.177 इंच व्यासाचा आणि साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. बीबी गोळी वाटोळी, पोलादी आणि त्याहून थोडी हलकी. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक परड्यात निर्णायक ठरतो. शिसे कठीण पृष्ठभागावर आपटले की चेपते. पोलाद चेपत नाही, परत उडते. खानापूरकडे परड्याचे गडगे जांभ्या चिऱ्याचे असतात, गोठ्याला पत्रा असतो, माडाचे खोड टणक असते. यांपैकी कशावरही गेलेली पोलादी गोळी नेम धरणाऱ्याच्याच तोंडाकडे येऊ शकते. नेमका तोच गडगा लक्ष्य टांगायला सोयीचा वाटतो.

शस्त्र कायदा. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 2 मधील अग्निशस्त्राची व्याख्या स्फोटकावर थांबत नाही. ‘स्फोटकाच्या किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेने’ प्रक्षेपक फेकणारे शस्त्र तिच्यात येते. म्हणजे हवेची बंदूक तत्त्वतः अग्निशस्त्रच. केवळ खेळणे म्हणूनच वापरता येतील आणि ज्यांचे शस्त्रात रूपांतर होऊ शकत नाही, अशा वस्तू तेवढ्या व्याख्येबाहेर आहेत. जत्रेतली टिकल्यांची बंदूक किंवा प्लॅस्टिकच्या गोळ्यांची पिस्तूल तिथे बसते. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे, त्यामुळे खोक्यावरील ते चिन्ह पाहूनही वस्तू खेळण्यांत मोडते का, याचा अंदाज येतो.

अग्निशस्त्र असूनही हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, हे अधिसूचनेतील सवलतीमुळे. 1962 च्या केंद्रीय अधिसूचनेने एक चाचणी ठरवली होती : मऊ देवदारी लाकडाची 12 इंच चौरस आणि 1 इंच जाड फळी 5 फुटांवर ठेवायची, छर्रा तिच्या आरपार गेला नाही तर बंदूक परवान्यातून मुक्त. चाचणी सोपी, पण ढोबळ. लाकूड किती वाळलेले, छर्रा कुठल्या घडणीचा, यावर निकाल बदलू शकतो. आणि अशी फळी डोळ्याला होणाऱ्या इजेविषयी काहीच सांगत नाही. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात या सवलतीवरच वाद झाला. पुढे शस्त्र नियम, 2016 मध्ये मोजमाप बदलले. नळीच्या तोंडाशी ऊर्जा 20 जूलपेक्षा अधिक किंवा व्यास 0.177 इंचापेक्षा मोठा असेल तर परवाना हवा, त्याखाली नको.

20 जूल म्हणजे किती? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे 283 मीटर वेगाने सुटला तर तेवढी ऊर्जा होते. स्पर्धेतली 10 मीटर एअर रायफल साधारण 7 ते 8 जूलवर चालते; मुलांसाठीची बीबी बंदूक सेकंदाला 100 मीटर वेग देत असेल तर दोन जूलही भरत नाहीत. तरीही डोळ्याला तेवढे पुरेसे आहे. त्वचा भेदायला लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी वेगात बुबुळ फाटते. परवाना लागत नाही याचा अर्थ धोका नाही असा लावणे, ही दुकानापासून घरापर्यंत पसरलेली चूक आहे.

वयाचा प्रश्न. अधिनियमाचे कलम 9 सांगते की 21 वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने अग्निशस्त्र मिळवू, बाळगू वा नेऊ नये आणि तिला ते कुणी विकू वा देऊ नये. ही मर्यादा मूळ कायद्यात 16 होती. 1983 च्या दुरुस्तीने ती वाढली. परवान्यातून सूट मिळालेल्या बंदुकीला कलम 9 लागते काय? एक वाचन असे की सूट परवान्यापुरतीच असते; वयाची मनाई वेगळे कलम असल्याने ती उठत नाही. दुसरे असे की ज्या वस्तूला शासनानेच नियमनातून वगळले, तिच्यावर वयाची अट लादणे विसंगत आहे. सूट जितक्या शब्दांत दिली तितकीच मानायची, या रूढ न्यायतत्त्वाला पहिले वाचन जवळचे आहे. व्यवहारातही तेच सुरक्षित : बंदूक मोठ्या माणसाच्या नावावर, त्याच्या कपाटात आणि त्याच्या डोळ्यांसमोर असावी.

पक्षी. परड्यातला पहिला नेम डब्यावर असतो, दुसरा बहुधा चिमणीवर. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणे नव्हे. जखमी करणे, तसा प्रयत्न करणे आणि रानपक्ष्याची अंडी वा घरटे मोडणेही तिच्यात येते. पोपट या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे, वानर आहे, मोर तर पहिल्या अनुसूचीत. कावळा पूर्वी ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता, म्हणून त्याला मारायला हरकत नाही असे जुनी माणसे अजून सांगतात. 2022 च्या दुरुस्तीनंतर, 1 एप्रिल 2023 पासून, ती अनुसूचीच उरलेली नाही. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडची परडी थेट रानाला लागलेली आहेत. भीमगड अभयारण्य (2011) तिथून दूर नाही, आणि गोकाक तालुक्यात घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. अशा जागी कुंपणाच्या आतून मारलेला छर्राही वनखात्याच्या कक्षेत जातो. भाताच्या खळ्यावरचे वानर हाकलायला बंदूक मुलाच्या हातात देतात, ही या भागातली सर्वांत चिंतेची सवय. तीत कायदा मोडतो आणि जनावर दिवसेंदिवस जखम घेऊन फिरते.

इजा झाल्यास. भारतीय न्याय संहिता, 2023 (अंमल 1 जुलै 2024) हिच्या कलम 125 नुसार दुसऱ्याचा जीव वा सुरक्षितता धोक्यात येईल असे निष्काळजी कृत्य, कुणाला लागले नाही तरी, गुन्हा आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड. लागले तर सहा महिने. गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षे. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे ही व्याख्येनेच गंभीर दुखापत. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारामध्ये मुलाला कृत्याचे परिणाम कळण्याची समज होती का, ते पाहतात. अठराच्या आतील प्रत्येक मूल बालन्याय अधिनियम, 2015 खाली येते. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही आणि 24 तासांत बालन्याय मंडळासमोर नेतात. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा त्या कायद्यात किरकोळ वर्गात असल्याने अशा प्रसंगी सहसा प्राथमिक माहिती अहवालाऐवजी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल होतो. मूल सुटले तरी बंदूक हाती देणारा मोठा माणूस सुटत नाही; त्याचा निष्काळजीपणा वेगळा मोजतात. शेजाऱ्याची भरपाईही वडिलांकडे मागतात ती याच आधारावर.

सीमाभागातील विशेष. शस्त्रे हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीत आहे, त्यामुळे कोल्हापूरहून कोगनोळी नाका ओलांडून निपाणीत आल्याने बंदुकीची स्थिती बदलत नाही. बदलते ते पोलीस कायद्याचे नाव : कोल्हापूरकडे 1951 चा मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस अधिनियम, निपाणीकडे 1963 चा कर्नाटक पोलीस अधिनियम. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून पक्षिसंरक्षणाचा 1951 चा मुंबई कायदा इथे लागू होता. त्यानंतर म्हैसूर राज्याचा 1963 चा कायदा आला, आणि 1972 नंतर केंद्राचा. कोडगूतील कोडव समाजाला व तिथल्या जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून जुनी सूट आहे, ती सर्व कर्नाटकाची समजण्याचा घोळ इथे ऐकू येतो. ती कोडगूपुरतीच आहे. ठाण्यातला जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. मराठी आईबापांनी सहीआधी तो वाचून व समजावून घेणे हा त्यांचा हक्क आहे.

जत्रा. रायबाग तालुक्यातील चिंचलीची मायाक्का, सौंदत्तीची यल्लम्मा यांच्या जत्रांत फुगे फोडण्याचे पाट लागतात आणि सीमाभागातल्या बहुतेक मुलांची या बंदुकीशी पहिली ओळख तिथेच होते. रांगेत बांधलेले फुगे, मागे तरट, पुढे बाकावर कोपर टेकलेला मुलगा.

सराव. शस्त्र अधिनियमाच्या कलम 9 मध्येच विहित वयानंतर, विहित अटींवर, प्रशिक्षणात बंदूक वापरण्याची मुभा आहे. लगतच्या कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेता, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे असे नेमबाज दिले. या खेळाची पहिली पायरी 10 मीटर एअर रायफल. तिथे लक्ष्यामागे छर्रा अडवणारी पेटी असते आणि रेषेपुढे कुणी नसते. परड्यात तिची जागा ओल्या वाळूने भरलेली दोन पोती घेऊ शकतात. गोळी शिशाची, आणि चष्मा नेम धरणाऱ्याबरोबर बघणाऱ्यालाही.