शान की शांगकू? लडाखच्या बर्फातला माग

बर्फात पाऊलखूण दिसली की लडाखला पहिल्यांदा गेलेला माणूस आधी शेजारी हातमोजा ठेवून फोटो काढतो आणि मग विचारतो, "हिमबिबट्याच ना?" मीही तेच केलं. फेब्रुवारी महिना, उले गावाच्या वरची घळ, सकाळचे साडेआठ, आणि नाकातला श्वास मफलरवर गोठत होता. ठसा माझ्या तळहाताएवढा. गाइडने वाकून पाहिलं आणि फार सौजन्याने म्हणाला, "सर, ये तो गाँव का कुत्ता है. कल दोपहर का."

'कल दोपहर' त्याला कसं कळलं ते पुढे सांगतो. आधी घोळ नेमका कुठे होतो ते बघू.

लडाखी बोलीत हिमबिबट्याला शान म्हणतात आणि लांडग्याला शांगकू. दोघांची भक्ष्यं बरीचशी सारखी: भरल ही रानमेंढी, आयबेक्स ही रानशेळी, गावची शेळ्यामेंढरं. हिवाळ्यात वरचे उतार बर्फाने बुजले की ही जनावरं खाली येतात आणि मागोमाग शिकारीही. शिवाय जानेवारी ते मार्च हा हिमबिबट्याचा मीलनाचा काळ, म्हणून तो या दिवसांत जास्त फिरतो आणि जागोजागी खुणा करून ठेवतो. उणे वीसात माणसं पैसे मोजून तिथे का जातात, याचं उत्तर हेच. 2024 च्या जानेवारीत जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात 718 हिमबिबटे असल्याचा अंदाज आला आणि त्यातले 477 एकट्या लडाखचे. पण 477 म्हणजे काही रांगेत उभे नसतात. आठ दिवसांच्या सहलीत सहा दिवस तुम्ही जनावर नाही, त्याचा माग बघत असता. तो नीट वाचता आला तर ते सहा दिवस फुकट जात नाहीत.

मांजर आणि कुत्रा यांच्या ठशातला फरक आपल्याकडे बऱ्याच जणांना तोंडपाठ असतो. जुन्नर-आंबेगावकडे उसाच्या बांधावर ठसा दिसला की वनखात्याला फोन जातो, आणि आलेला वनरक्षक पहिल्यांदा नखं शोधतो. नखं उमटली असतील तर कुत्रा किंवा तरस, नसतील तर बिबट्या. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे ओल्या चिखलात ही कसोटी बहुतेक वेळा पुरते. तिच्या जोडीला आणखी दोन गोष्टी बघतात. बिबट्याच्या तळव्याची गादी बोटांच्या मानाने मोठी असते, तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात, आणि एक बोट बाकीच्यांच्या थोडं पुढे असल्याने ठसा किंचित तिरपा वाटतो. लांडगा-कुत्र्याचा ठसा लांबट आणि दोन्ही बाजूंनी सारखा. त्याच्या बोटांच्या आणि गादीच्या मधल्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं तर फुलीचा आकार होतो. मांजराच्या ठशात अशी फुली सहसा जमत नाही.

बर्फात यातलं बरंचसं कोसळतं. एक तर भुसभुशीत बर्फात नख टेकतं तिथली भुकटी लगेच आत ओघळते, म्हणजे लांडग्याचा ठसाही बिननखांचा दिसू शकतो. दुसरीकडे, घसरड्या उतारावर पकड घ्यायला हिमबिबट्या नखं बाहेर काढतो, म्हणजे मांजराच्या ठशात नखं! त्याच्या पावलांना खालूनही दाट केस असतात. बर्फावर बूट घातल्यासारखा त्यांचा उपयोग होतो, पण ठशाच्या कडा त्यामुळे पुसट येतात. आणि सगळ्यात मोठा गोंधळ घालतो तो सूर्य. लडाखचं ऊन हिवाळ्यातही कडक असतं. दुपारी ठशाच्या कडा वितळतात, रात्री गोठतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा वितळतात. हिमबिबट्याचा ठसा मुळात साधारण 9 ते 10 सेंटिमीटर लांब. दुपारचं ऊन खाल्लेला गावातल्या कुत्र्याचा ठसाही तेवढा होतो. माझ्या हातमोज्याशेजारचा ठसा असाच फुगलेला होता.

म्हणून पाहिजे तो पातळ बर्फ. खाली टणक थर, वर दोन बोटं ताजी भुकटी, वारा नाही आणि ऊन अजून पोचलेलं नाही. अशा पाटीवर गादीचे तीन फुगवटेही मोजता येतात. सावलीत ठसा सपाट दिसत असेल तर टॉर्च आडवा धरायचा. वरून प्रकाश टाकला की सगळं पांढरं होतं, बाजूने टाकला की कडा उठून दिसतात. ही युक्ती फोटोलाही चालते, हातमोज्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

पण असा बर्फ आठवड्यातून एखाद्या सकाळीच मिळतो. बाकी दिवस गाइड ठशाकडे जवळजवळ बघतच नाहीत. ते ठशांची रेघ बघतात. हे कळायला मला चार दिवस लागले. आपण गुडघ्यावर बसून एका खळग्यावर वाद घालत असतो, आणि तो माणूस पन्नास पावलं मागे उभा राहून अख्खी टेकडी वाचत असतो.

लांडग्याची रेघ कामावर निघालेल्या माणसाची असते. दरीच्या तळातून, जुन्या पायवाटेवरून किंवा गोठलेल्या ओढ्यावरून सरळ. पुढच्या पायाच्या ठशातच मागचा पाय पडतो, त्यामुळे चार पायांचं जनावर दोन पायांवर गेल्यासारखं वाटतं. कळप असेल तर मागचे पुढच्याच्याच ठशांत पाय टाकतात, कारण खोल बर्फात फुटलेली वाट सोडून नवी फोडायला ताकद लागते. गावातल्या कुत्र्याची रेघ याउलट. तो इकडे हुंगतो, तिकडे धावतो, परत येतो, तिसरीकडे वळतो. त्याला जेवण घरी मिळणार असतं, शक्ती वाचवायची घाई नसते.

शानची रेघ कडेकडेने जाते. कड्याच्या पायथ्याशी, धारेच्या जरा खाली, एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत. मोकळं मैदान ओलांडावं लागलं तर तो सहसा सगळ्यात अरुंद जागा शोधतो. रेघ मध्येच तुटते, आणि चार-पाच मीटर पुढे खडकाच्या माथ्यावर पुन्हा सुरू होते. मधे उडी असते. खोल बर्फात कधी ठशांच्या मधून एक उथळ चर गेलेला दिसतो, तो शेपटीचा. जवळजवळ मीटरभर लांब आणि मनगटाएवढी जाड शेपटी असल्यावर ती कधीतरी टेकणारच.

आणि ही रेघ बहुतेक वेळा तुम्हाला पुढे कललेल्या एखाद्या खडकापाशी नेते. आम्हाला तिसऱ्या दिवशी नेलं. खडकाखाली बर्फ पोचलेला नव्हता, कोरडी माती होती, आणि त्यात वीतभर लांबीचा एक खळगा. मागच्या पायांनी उकरलेली माती एका टोकाला ढिगारा करून ठेवलेली. लांडगा-कुत्राही लघवीनंतर पाय झाडतो, पण त्याची माती चहूकडे उडते. असा नीटनेटका ढीग मांजराचा. गाइडने खडकाच्या आतल्या बाजूला नाक नेलं आणि मला खुणेने बोलावलं. उग्र वास, ओल्या लोकरीसारखा, त्यात काहीतरी आंबट. गालफड घासलेल्या जागी करडे केस चिकटलेले. तो हळू आवाजात म्हणाला, "ये उसका लेटर बॉक्स है." मादीने हे पत्र वाचायचं असतं. आम्ही फुकटे वाचक.

आता तो 'कल दोपहर'. गाइड रोज सकाळी आपला स्वतःचाच कालचा बुटाचा ठसा शोधतो. तो कधी उमटला हे त्याला माहीत असतं. त्याच्या कडा किती गोठल्यात, आत दंवाचे काटे किती वाढलेत ते बघतो आणि शेजारच्या जनावराच्या ठशाशी ताडून पाहतो. मग शेजारच्या बर्फात बोट दाबून बघतो. कडा बोटाने सहज मोडली तर ताजा, काचेसारखी तुटली तर एक रात्र तरी गेलेली. घड्याळ इतकं साधं आहे, पण कालचा आपला ठसा नेमका कुठे होता हे लक्षात ठेवावं लागतं, आणि तिथे आम्ही सगळे नापास.

कुत्र्याबद्दल हसून सोडून देऊ नका. वस्त्या, छावण्या आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर वाढलेले भटके कुत्रे हा लडाखचा मोठा प्रश्न आहे. ते टोळीने वन्यप्राण्यांवर आणि मेंढरांवर पडतात. लांडग्याशी त्यांचा संकरही होतो, आणि त्या पिलावळीला तिथे खिबशांग असं नावही आहे. त्याचा माग समोर आला तर पुस्तकातली कसोटी हात टेकते.

माग वेगळे, तसा मागावर जाण्याचा हेतूही वेगळा. शानची ताजी रेघ सापडली की गाइड तिच्यावरून चालत नाहीत. जनावर बिचकतं आणि माग तुडवला जातो. ती कोणत्या घळीत शिरली एवढं पाहायचं, उलट बाजूने उंच जागा गाठायची, स्कोप म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण लावायची आणि समोरचा कडा दगडागणिक चाळायचा. शिकार केलेली असेल तर तो तिच्याजवळ दोन-चार दिवस थांबतो, म्हणून सगळ्यांचे डोळे शिकारीवर जमणाऱ्या मॅगपाय पक्ष्यांकडे आणि गिधाडांकडे. लांडग्याचं तसं नसतं. कळप शिकार भराभर संपवतो आणि एका रात्रीत वीस-तीस किलोमीटर सहज तोडतो. त्याचा सकाळचा माग म्हणजे गेलेल्या गाडीचा धूर.

कदाचित म्हणूनच लांडग्याचा ठसा निघाला की गटात "अरे, फक्त लांडगा" असा सूर लागतो. मला तो खटकतो. लडाखमध्येही या दोघांना सारखी वागणूक कधी नव्हती. गोठ्यात शिरलेला शान गावाने मारला अशा घटना घडत, पण लांडग्यासाठी खास बांधकाम असे. त्याला शांगडोंग म्हणतात: दगडी गोल खड्डा, आत झुकत गेलेल्या भिंती, तळाशी आमिष म्हणून जिवंत बकरी. आत उडी मारलेला लांडगा वर येऊ शकत नसे, मग लोक दगडांनी मारत. पूर्व लडाखच्या चांगथांग पठारावरल्या चुशुलच्या गावकऱ्यांनी 2018 मध्ये असे खड्डे निकामी केले आणि जवळ स्तूप उभारला. शानच्या वाट्याला मात्र होमस्टे आले, गोठ्यांवर लोखंडी जाळ्या आल्या, आणि आमच्यासारखे हातमोजेवाले आले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघंही शेजारी शेजारी आहेत. सासवडच्या माळावर लांडगा दिसावा म्हणून पहाटे चारला उठणारे आम्ही, इथे येऊन नाक मुरडतो.

शेवटच्या सकाळी ओढ्याच्या तळातून एक सरळ रेघ गेलेली दिसली. गाइडने विचारलं, "कितने हैं?" मी म्हटलं एक. आमच्यातल्या एका काकूंनी ठसे जरा जास्तच खोल आहेत म्हणून दोन सांगितले. तो काही बोलला नाही. शंभर मीटर पुढे ओढ्याचा बर्फ फुटून पाणी वाहत होतं, तिथे प्रत्येकाने आपापल्या जागेवरून उडी मारली होती. पलीकडच्या काठावर पाच रेघा. काकूंनी लगेच विचारलं, मग जाऊ या का मागे? त्याने स्कोपचं तिकाटणं खांद्यावर टाकलं आणि उलट दिशेच्या कड्याकडे चालू लागला. "शांगकू के पीछे नहीं जाते, आंटी. वो तो अब तक तीन गाँव पार कर गया."