स्लीप ॲप्निया निघालाय? मग हृदयाचा स्कॅन करायचा का, कोणता आणि कशासाठी

स्लीप स्टडीचा, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, घोरण्याचा आणि हृदयाचा काय संबंध? संबंध आहे, आणि चांगलाच आहे. स्लीप ॲप्नियात झोपेत घसा मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो नाहीतर अर्धवट होतो, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मग मेंदू दचकून जागा होतो आणि त्या दचक्यात बीपी आणि ठोके दोन्ही उसळतात. रिपोर्टवर एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडकला तो आकडा, 30 असेल तर हे सरासरी दर दोन मिनिटांनी होतंय, म्हणजे 7 तासांच्या झोपेत 210 वेळा, आणि सकाळी यातलं काहीच आठवत नाही, फक्त डोकं जड असतं.

पण एएचआय फक्त श्वास किती वेळा अडकला ते सांगतो, हृदयाचं काय झालंय ते नाही. आणि हार्ट अटॅकचा धोका काढायची जी नेहमीची गणितं आहेत ना, वय, बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर, सिगारेट वगैरे, त्यात बहुतेक ठिकाणी ॲप्निया धरलेलाच नसतो. म्हणून आत प्रत्यक्ष बघावं लागतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा स्कॅन म्हणजे कॅल्शियम स्कोअरचा सीटी. सुई नाही, डाय नाही, फक्त आधी काही तास चहा-कॉफी आणि सिगारेट नको कारण ठोके वाढतात. छातीवर ईसीजीचे स्टिकर लावतो, हात डोक्याच्या वर, आणि सांगतो श्वास रोखा, साधारण 10 सेकंद. तेवढ्यातच काहीजण कासावीस होतात, आणि झोपेत तर हे रात्रभर चालू असतं! स्क्रीनवर हृदय करडं दिसतं आणि धमनीत कॅल्शियम साठलं असेल तर खडूच्या कणासारखा पांढरा ठिपका चमकतो. ते ठिपके मोजून स्कोअर निघतो, ही पद्धत 1990 पासूनची आहे. 0 आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका कमी, 100 च्या वर गेला तर कोलेस्टेरॉलच्या गोळीचं डॉक्टरांशी नक्की बोला, 400 च्या वर म्हणजे धोका बराच जास्त. मात्र 0 म्हणजे धमन्या एकदम साफ असं नाही, मऊ चरबीचा थर या स्कॅनमध्ये दिसत नाही. आणि औषधं सुरू केल्यावर स्कोअर खाली येईल म्हणून दरवर्षी स्कॅन करू नका, तो तसा उतरत नाही, रेडिएशन मात्र दरवेळी लागतं.

ॲप्नियावाल्यांसाठी आम्हाला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तितकाच महत्त्वाचा वाटतो. बंद घशातून श्वास ओढताना छातीत जोराची ओढ तयार होते आणि ती हृदयाच्या पातळ भिंतींवर येते. इकोमध्ये डावा वरचा कप्पा मोठा झालाय का, खालच्या कप्प्याची भिंत जाड झालीये का, उजव्या बाजूचं प्रेशर वाढलंय का हे कळतं. वरचा कप्पा मोठा असेल तर ठोके अनियमित व्हायची शक्यता वाढते आणि त्यातून स्ट्रोकची. इकोला रेडिएशन नाही. मानेच्या धमन्यांची सोनोग्राफीही तशीच सोपी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 2016 मध्ये सेव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले 2717 लोक त्यात होते, आणि सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) दिलेल्या गटात अटॅक, स्ट्रोक कमी झाले नाहीत. पण ते लोक मशीन सरासरी रात्रीचे 3.3 तासच लावत होते. तेव्हा मशीन घेतलं म्हणजे हृदयाचं काम झालं असं समजू नका, मास्क जास्तीत जास्त रात्रभर लावा आणि स्कॅनमध्ये धोका दिसला तर बीपी, कोलेस्टेरॉलची औषधं वेगळी लागतील.

स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना कॅल्शियम स्कोअरने नवीन काही कळत नाही, तो करू नका. गरोदर असाल तर सीटी नको. आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल तर स्कॅनची अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, सरळ हॉस्पिटल.

येताना स्लीप स्टडीचा अख्खा रिपोर्ट आणा, नुसतं पहिलं पान नको. ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली किती वेळ होता तो आकडा बऱ्याचदा आतल्या पानावर असतो आणि आम्ही तो आधी बघतो.